अलीकडचं तूप, पलीकडची भाकर

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना ऐकू नका. नंतर ठसका लागला तर मला बोल लावाल.

चूक सगळ्यांच्या हातून होते हो. कुणी चुकीच्या मोटारीत बसतो, कुणी दुसऱ्याच्या लग्नात जेवून येतो. पण उंदरांच्या भरवशावर अर्ध्या बोरी अरब गावाला भाकर सोडायला लावणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग पाहून घ्या. तुमच्यासमोर बसलाय, मांडी घालून!

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. यवतमाळच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. सहायक म्हणजे काय, तर बेडूक आणायचे, बरण्या पुसायच्या, आणि झुरळ पाहून पळालेल्या पोट्ट्यांना व्हरांड्यातून धरून आणायचं. मुली नाही पळायच्या. मुली शांतपणे झुरळ कापायच्या.

तर तिथे पुण्याहून सोमण सर आले. सडपातळ, टापटीप, खिशात तपकिरीची डबी. दर पंधरा मिनिटांनी एक चिमूट नाकात. त्या तपकिरीनं त्यांच्या नाकाचं असं काही वाटोळं केलं होतं की शेजारी मेलेला बैल ठेवला तरी सर म्हणाले असते, "आज हवा छान आहे, नाही?"

या सरांच्या डोक्यात एक प्रयोग होता. तूप-अंडी खाल्ल्यानं रक्तातली चरबी वाढते का, ते उंदरांवर पाहायचं. त्या चरबीतल्या एका पदार्थाचं नाव ते सांगायचे, कोलेस्टेरॉल. मी ते नाव आठवडाभर पाठ केलं आणि मग नाद सोडला. मी त्याला 'रक्तातलं तूप' म्हणायचो. सरांनाही ते चालायचं.

पांढरे उंदीर आले. दोन पिंजरे झाले. खोलीच्या मधोमध एक लांब टेबल, त्यावर एकामागे एक असे ठेवलेले. एका पिंजऱ्याला ज्वारीची भाकर. दुसऱ्याला तीच भाकर, पण तुपात कुस्करलेली, वर अंड्याचा पिवळा बलक, आणि बकऱ्याच्या वाळवलेल्या पित्ताची चिमूटभर पूड.

"पित्त कायले सर?" मी विचारलं.

"अहो गजाननराव, उंदराची जात फार चिवट. नुसतं तूप दिलं तर पचवून मोकळी होते. पित्त घातलं की मग रक्तात चढतं."

आधी पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'तूप' आणि 'भाकर'. उंदरांनी दोन्ही खाल्ल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा खाल्ल्या. शेवटी सर वैतागले. व्हरांड्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "जाऊ द्या त्या चिठ्ठ्या. सोपं सांगतो. अलीकडच्या पिंजऱ्याला तूप, पलीकडच्याला भाकर. लक्षात राहील?"

मी मागच्या दारात उभा होतो, हातात अंड्यांची टोपली. मागच्या अंगणातच माझी शेगडी होती, उंदरांचा स्वयंपाक मी तिथंच करायचो.

"राहीन नं सर. अलीकडचे तूपवाले, पलीकडचे भाकरवाले. आपन काय लहान आहो?"

"उलटसुलट झालं तर सगळं मुसळ केरात, बरं का!"

"सर, मुसळ केरात जाइन, पन हा गजानन चुकाचा नाही!"

असं बोललो मी. या तोंडानं.

मग काय विचारता! सकाळी सर यायच्या आत आणि संध्याकाळी सर गेल्यावर मी उंदरांना जेवू घालायचो. अलीकडच्यांना तूप, पलीकडच्यांना भाकर. इतकं मन लावून मी घरच्या सत्यनारायणालाही कधी वाढलं नव्हतं. तूपवाले उंदीर असे तुकतुकीत झाले की वाटे, आता यांना जानवं घालावं. भाकरवाले तुरुतुरु पळायचे आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे की लग्नात आहेर न मिळालेली मावशी परवडली.

काही आठवड्यांनी सरांनी रक्त घ्यायला सुरुवात केली. ते टेबलापाशी जात, शेपटीतून रक्त काढत आणि नळ्या घेऊन शेजारच्या खोलीत येत. तिथे हातानं फिरवायचं एक यंत्र होतं, त्यात नळ्या ठेवून मी रसवंतीवाल्यासारखा फिरवायचो. रक्त खाली बसायचं, वर पाणी राहायचं. त्यात सर काहीबाही आम्ल घालत आणि मग रंग चढे. रक्तातलं तूप जितकं जास्त, तितका रंग हिरवा.

त्या दिवशी सर नळ्या उजेडात धरून पाहत राहिले. तपकीर घ्यायची विसरले. यावरूनच ओळखा.

"गजाननराव, हे पाहा. ही तूपवाल्यांची नळी. फिकट. आणि ही भाकरवाल्यांची. हिरवीगार!"

"म्हंजे?"

"म्हणजे भाकर खाणाऱ्यांचं वाढलंय, तूप खाणाऱ्यांचं नाही! हे कसं शक्य आहे?"

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी नवीन रक्त, पुन्हा तेच. सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की आनंदानं नाचावं की पुण्याला परत जावं, हे ठरेना.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "मला हे अजून पडताळून पाहू द्या. फार मोठी गोष्ट असू शकते. किंवा कुठेतरी घोळ आहे."

"घोळ? इथं? सर, मी सोता जेवू घालून राह्यलो त्याईले!"

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. बायको म्हणजे काय कुणी असते का हो?

इथं माझ्या सासरची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे सासरे, उत्तमरावजी, बोरी अरबचे. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. मोठा दिलदार माणूस, पण तुपावाचून त्यांचा घास उतरायचा नाही. वरणावर तूप, भाजीवर तूप, एकदा टरबुजावरही घेतलं होतं म्हणे! त्या वर्षी शेतात कापूस वेचणीच्या वेळी त्यांच्या छातीत दाटून आलं, खाली बसले. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तूप बंद. सासूबाईंनी, म्हणजे मामीजींनी, त्याच दिवशी तुपाचं मडकं पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तेव्हापासून मामाजींचं जेवणावरून मन उडालं होतं. जेवताना मुकाट भाकर मोडायचे. माझी बायको कमल, तिला ते पाहवत नसे. म्हणून मी ही उंदरांची बातमी सांगताच तिचे डोळे भरून आले.

"म्हंजे बाबाले तूप चालते?"

"उंदराईले तरी चालून राह्यलं."

"मंग मानसाले काहून नाही चालनार? बाबाले सांगू?"

"कमल, सरानं कोनाले सांगू नको म्हनलं हाय."

"बाबा काय कोनी हाय काय?"

पाहिलंत? माझाच मुद्दा, माझ्याच गळ्यात!

तिनं दारव्ह्याच्या बाजाराला निघालेल्या शेजारणीकडे निरोप दिला. शेजारणीनं बाजारात तो बोरीच्या बाईला दिला. आता बाजारातून निरोप गेला की तो काय आहे तसा पोचतो? बोरीत पोचला तो असा: 'यवतमायच्या कालेजात सरकारनं परीक्षा घेतली, भाकरीनं मानसाचं रक्त हिरवं होते!'

तिसऱ्या दिवशी मामाजी प्रयोगशाळेच्या मागच्या दारात हजर. धोतर, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. मला पाहताच त्यांनी मिठी मारली.

"जवाईबापू! तुमी मले वाचवलं! कुठं हायेत ते?"

"कोन?"

"उंदीर हो!"

मी त्यांना अलीकडचा पिंजरा दाखवला. तुकतुकीत, गुबगुबीत, डोळे मिटून पडलेले. मामाजींनी पिंजऱ्याला डोळे टेकवून पाहिलं, टोपी काढली आणि त्यांना हात जोडले.

"गनपतीचं वाहन हाय बाप्पा. हे कायले खोटं बोलनार?"

"मामाजी, अजून पक्कं नाही झालं. सर पडताळून पाहून राह्यले."

"पाहू द्या नं त्याईले आरामात. मी तवलोक जेवून घेतो!"

गेले. आणि त्या दिवसापासून बोरी अरबमध्ये तुपाचं राज्य सुरू झालं. मामीजी ऐकायला तयार नव्हत्या. पण मामाजी दोन दिवस उपाशी बसले. शेवटी पेटी उघडली. "तुमचा जीव, तुमचा जवाई, तुमचे उंदीर," एवढंच मामीजी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

गावातही वारं लागलं. चावडीवर म्हातारे भाकरीकडे साप पाहिल्यासारखे पाहू लागले. एका सुनेनं सासूला सांगितलं, "भाकरी थापनं बंद, रक्त हिरवं होते." ती सून आजही माझं नाव काढते म्हणे, आशीर्वाद देत. दारव्ह्याचा एक तूपवाला मला बाजारात भेटला. ओळख ना पाळख, त्यानं मला लस्सी पाजली आणि वर विचारलं, "साहेब, सरकीच्या तेलाबद्दल तुमचे उंदीर काय म्हन्तेत? वाईटच म्हन्तेत नं?"

आणि मी? मी काय, फुगलो होतो! दर रविवारी आम्हा दोघांना बोरीला बोलावणं. मला पाटावर बसवायचे, पुढे रांगोळी. मामीजी स्वतः वाढायच्या, न बोलता. पुरणपोळीवर तुपाची धार, भातावर तुपाची धार, थांबा म्हणेपर्यंत धार. आणि मी कशाला थांबा म्हणतोय? लोक विचारायचे, मी सांगायचो. सांगता सांगता मी 'सर' म्हणायचं सोडून 'आमी' म्हणू लागलो. 'आमी असं पाहिलं', 'आमाले असं आढयलं'. रसवंतीवाल्याला वाटावं ऊस आपणच पिकवला, तसं!

मग मामाजींनी घाट घातला. सोमण सरांना बोरीला जेवायला बोलवायचं, सगळ्या गावासमोर त्यांचा मान करायचा.

सर तयार नव्हते. "गजाननराव, अजून माझं समाधान झालेलं नाही. काहीतरी खटकतंय."

"सर, नुस्तं जेवन हाय. कोनी काही इचारनार नाही."

आता सांगा, बोरी अरबमध्ये माणूस जेवायला जाईल आणि त्याला कुणी काही विचारणार नाही?

अंगणात मांडव होता. दोन पंगती समोरासमोर. एका बाजूला सर, त्यांच्या शेजारी मामाजी. समोरच्या पंगतीत मी, बरोब्बर सरांच्या पुढ्यात. अर्धं गाव बसलं होतं, उरलेलं अर्धं कुंपणाला टेकून उभं होतं. पत्रावळी मांडल्या. मामाजींच्या पुढ्यात एक मोठी वाटी.

पहिला घास घ्यायच्या आत एक म्हातारा म्हणाला, "मास्तरसाहेब, तो उंदराचा खेळ जरा समजून सांगा नं."

सर हाडाचे शिक्षक. कुणी विचारलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी दोन रिकामे द्रोण घेतले आणि दोन पंगतींच्या मधल्या जागेत एकामागे एक ठेवले.

"हे दोन पिंजरे समजा. हा," त्यांनी आपल्या जवळच्या द्रोणाला बोट लावलं, "हा अलीकडचा पिंजरा. याला तूप."

मी समोरून हसलो. मोठ्या मनानं. म्हटलं, सरांना गर्दीत गोंधळायला झालंय, सांभाळून घ्यावं.

"सर, तुमी चुकून राह्यले. तो पलीकडचा. अलीकडचा हा," आणि मी माझ्या जवळच्या द्रोणाला बोट लावलं.

"नाही नाही. हा अलीकडचा."

"अजी सर, हा अलीकडचा!"

"गजाननराव, माझ्या अलीकडे हा आहे!"

"आन् माह्या अलीकडे हा हाय!"

सरांचं बोट त्यांच्या द्रोणावर, माझं माझ्या द्रोणावर. सरांनी हळूच मान वर केली. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. शिक्षकाचा आवाज मऊ झाला की समजावं, आभाळ फाटलं.

"गजाननराव, उंदरांना खायला घालायला तुम्ही कुठल्या दारानं येता?"

"मांगच्या."

"रोज?"

"रोजच."

त्यांनी डबी काढली आणि एकदम दोन चिमटी तपकीर ओढली.

माझ्या पायाखालची जमीन कुठे गेली, मला ठाऊक नाही. ज्यांना सर भाकरवाले समजत होते, त्यांना मी इतके दिवस तूप-अंडी चारत होतो! आणि सर ज्यांना तूपवाले समजत होते, ते बिचारे कोरडी भाकर खात होते! आणि सरांच्या त्या तपकिरीच्या नाकाला तुपाचा वास कुठला यायला!

म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे काय झालं?"

सर म्हणाले, "म्हणजे तूप खाणाऱ्यांचंच रक्त हिरवं झालं. भाकर खाणारे ठणठणीत आहेत."

मामाजींची वाटी ओठापर्यंत आलेली होती. ती तिथेच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "जवाईबापू, मंग माह्या पोटात गेलं त्याचं काय?"

मामीजी दारात उभ्या होत्या. त्या आल्या, मामाजींच्या हातातली वाटी काढून घेतली आणि आत गेल्या.

पंगतीत कुणीतरी ओरडलं, "अबे, भाकर आना रे कोनी!" आणि मांडवात हसण्याचा असा धुरळा उडाला की कुंपणाला टेकलेले दोघं खाली पडले. मी मात्र पत्रावळीकडे पाहत बसलो. डॉक्टरांनी तोडलेलं तूप माझ्या शब्दावर त्या माणसानं पुन्हा सुरू केलं होतं. छातीत दाटून आलेला माणूस तो! काही बरंवाईट झालं तर कमलला मी तोंड कसं दाखवणार होतो?

सरांना माझी दया आली असावी. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "उत्तमराव, यवतमाळला या. डॉक्टरांकडून रक्त काढून घेऊ, मी तपासतो. आणि गजाननराव, तुम्हीही द्या. तुलनेला एक तरुण, निरोगी माणूस हवा."

ते दिवस कसे काढले, मलाच माहीत. कमल माझ्याशी बोलत नव्हती. उंदीरसुद्धा माझ्याकडे पाठ करून बसायचे. मी आता पुढच्या दारानं यायचो, पण उपयोग काय?

ठरल्या दिवशी मामाजी आले, मामीजी आल्या, कमलही आली. डॉक्टरांनी रक्त काढून दिलेलं होतं. मी यंत्र फिरवलं. सरांनी आम्ल घातलं आणि दोन नळ्या उजेडात धरल्या.

एक फिकट. दुसरी हिरवी. हिरवी म्हणजे किती? पोपट लाजेल अशी!

मला राहवलं नाही. मी मामाजींचे पाय धरले. "मामाजी, मले माफ करा! माह्या अकलीपायी तुमच्या रक्ताचं असं झालं! आता कोनच्याही डॉक्टरकडे नेतो तुमाले, नागपूरले नेतो, पन..."

कमल रडायला लागली. मामाजींनीही टोपी काढली.

"गजाननराव," सर म्हणाले, "आधी पाय सोडा त्यांचे."

"नाही सोडत सर!"

"सोडा म्हणतो. त्यांची फिकट आहे. हिरवी तुमची!"

मी तसाच, पाय धरलेला, वर पाहत राहिलो. मामाजी आपली नळी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "असं कसं? वाटी-वाटी तूप पेलो नं मी!"

मग मामीजी बोलल्या. पदर सावरून, अगदी शांतपणे.

"कायचं तूप पेले? डोयाले मोतीबिंदू हाय, काही दिसते काय तुमाले? वाटीत हयदीचं कोमट पानी, आन् वरतून वास येन्यापुरतं चमचाभर तूप. उंदरापायी नवऱ्याले मारू काय मी?"

"मंग माह्या वाट्याचं तूप कुठं गेलं?" मामाजींनी विचारलं.

मामीजींनी माझ्याकडे बोट केलं.

"फेकू काय मंग? जवाईबापूच्या ताटात वाढत होती. म्हनलं, शिकेल मानूस हाय, त्याले काही होत नसन!"